जेल पॅडमुळे घोडीची पाठ सोलली आणि तुमच्या कस्टमर केअरने सांगितलं "वापरत राहा"

नमस्कार,

तुमच्याकडून घेतलेल्या जेल सॅडल पॅडबद्दल ही तक्रार आहे, आणि आधीच सांगते, पॅडपेक्षा जास्त राग मला तुमच्या कस्टमर केअरच्या उत्तराचा आलाय. बिल आणि फोटो जोडलेत.

माझी घोडी 12 वर्षांची, खोगीर तिच्या मापाचं, आजवर पाठीला साधं खरचटलेलंही नव्हतं. तुमच्या पाकिटावर 'कुठल्याही खोगिराखाली वापरा' असं छापलंय म्हणून विश्वासाने घातलं. चौथ्या दिवशी खोगीर उतरवलं तर अख्खी पाठ घामाने निथळत होती आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन डाग एकदम कोरडे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी खरारा करताना तिथे ब्रश टेकला की कातडी थरथरायची, कान मागे जायचे, आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेले तर वळून चावायलाच आली, जी घोडी लहान मुलं पाठीवर चढताना पाय हलवत नाही ती. हात ठेवून बघितलं तर जागा गरम, केस मोडलेले, डावीकडे सूज.

लगेच तुम्हाला फोन केला तर म्हणे मॅडम ही अ‍ॅलर्जी नाहीतर फंगस असेल, अँटिफंगल क्रीम लावा आणि पॅड वापरत राहा, सवय होईल. फोटो पाठवते म्हटलं तर गरज नाही म्हणाले! सुजलेल्या पाठीवर परत खोगीर टाकायला कोणी कसं सांगू शकतं?

मी ऐकलं नाही, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी केस तपासायला पाठवले, फंगस निघालं नाही. अ‍ॅलर्जी असती तर पॅड टेकतं तिथे सगळीकडे बारीक पुरळ उठलं असतं, इथे दोनच जागा, समोरासमोर, आणि त्याही बरोबर तुमच्या पॅडची जाड शिवण येते तिथे. म्हणजे हा दाब आहे. त्या जागी कातडीखाली मांस कमी, लगेच हाड, दाब राहिला की रक्त पोचत नाही आणि घामाच्या ग्रंथी दबतात, म्हणून ते डाग कोरडे होते. आणि खोगीर आधीच मापाचं असेल तर खाली जाड पॅड घालून ते अजून आवळतं, जेल कितीही मऊ असलं तरी, हे घोड्यांचं सामान विकणाऱ्यांना माहीत नसावं?

उपचारात मुख्य गोष्ट एकच, पाठीवर काहीही न ठेवणं. पहिले दोन दिवस थंड पाण्याची धार, डावीकडची कातडी सुटली तिथे सलाइन, म्हणजे लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, त्याने हलक्या हाताने धुणं आणि माशा बसू न देणं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड असलं काही लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. 5 आठवडे तिला नुसतं हाताने धरून फिरवत होते. आता केस आलेत पण तांबड्या पाठीवर दोन पांढरे ठिपके राहिलेत, तिथल्या रंग देणाऱ्या पेशीच गेल्या, ते आता बहुतेक जन्मभर तसेच राहणार. रोज खरारा करताना तेच दिसतात.

मला पॅडचे पूर्ण पैसे आणि डॉक्टरांचं बिल परत हवंय, बदली पॅड नको. 'कुठल्याही खोगिराखाली' हे वाक्य पाकिटावरून काढा, आणि त्याऐवजी राइडनंतर घामात कोरडे डाग दिसतात का बघा, दिसले तर वापर थांबवा, असं मोठ्या अक्षरात छापा. फोन उचलणाऱ्यांनाही सांगा की सूज किंवा जखम असेल तर खोगीर बंद आणि डॉक्टरांना दाखवा, एवढंच बोलायचं, औषध सुचवायचं नाही.

उत्तर लेखी पाठवा, फोन नको.