तिबेटी चिलखते

‘तिबेट : शांततेचा प्रदेश’ या रविवार पुरवणीतील लेखात सातव्या-आठव्या शतकातील तिबेटी सैनिक ‘कातडी पांघरून लढणारे टोळीवाले’ ठरवले आहेत. हे वर्णन पटत नाही. चिनी विद्वान दू योउ यांच्या इ.स. ८०१ मधील ‘तोंगद्यान’ या ग्रंथात तिबेटी स्वार आणि घोडे दोघेही उत्तम घडणीच्या साखळीदार चिलखतांनी झाकलेले असत, फक्त डोळे उघडे राहत, असे नमूद आहे. बळकट धनुष्ये आणि धारदार तलवारीही त्यांना फारशी इजा करू शकत नसत. ही साक्ष शत्रुपक्षाची आहे, हे विशेष. याच तिबेटींनी ७६३ मध्ये चीनच्या तांग राजवटीची राजधानी छांगआन काही दिवस ताब्यात ठेवली होती.

कातडे वापरात होते, पण पांघरायला नव्हे. मध्य आशियातील तारिम खोऱ्यात मिरान या तिबेटी किल्ल्यात पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना चिलखताचे चामडी खवले सापडले. त्यांवर रंगीत रोगणाचे थर आहेत आणि ओवण्यासाठी भोके पाडलेली आहेत. शिवाय लोखंडी पट्ट्या वादीने ओवून केलेली चिलखते तिबेटमध्ये पुढेही शतकानुशतके जपली गेली. ल्हासाच्या मोनलाम या प्रार्थना-उत्सवातील स्वार विसाव्या शतकातही जुनी चिलखते घालत.

— एक वाचक, पुणे