आप्पा, मास्तर आणि काकू

नाशिक
रविवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,

आप्पा गेल्याचं तुला फोनवर सांगितलं, पण पुढे काही बोलता आलं नाही. तू "कसं झालं रे?" विचारत राहिलास आणि मी "वय झालं होतं" एवढंच म्हणत राहिलो. फोनवर माझं हे असंच होतं. म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आप्पांबरोबर आपल्या जादूगार मंडळातली जुनी फळी संपली. आधी मास्तर गेले, मग काकू. पोलिसातले भाऊही गेले. प्रत्येक खेळाला जादूगार गोगिया पाशांच्या थाटात "गिली गिली" केल्याशिवाय त्यांचा हात हलायचा नाही. भाऊंचे खेळ बेताचेच, पण माणूस दिलदार. शोची तिकिटं खपवायची तर भाऊंनीच. त्यांना नाही कोण म्हणणार!

मास्तर गेले तेव्हा तू इथे नव्हतास, त्यामुळे अमरधाममधला प्रकार तुला अर्धवटच माहीत असेल. न्यूयॉर्कला 1926 साली हुदिनीच्या अंत्यविधीत तिथल्या जादूगारांनी त्याच्या नावाने छडी मोडली आणि तेव्हापासून ती रीतच पडली, हे आपल्याला मास्तरांनीच सांगितलं होतं. "माझ्या वेळी विसरू नका," असंही बजावलं होतं. तर आम्ही त्यांची छडी घेऊन गेलो. भाऊंनी दोन्ही टोकं धरून जोर लावला. छडी वाकली, तुटेना. गुडघ्यावर घेतली, तरी तुटेना. मग एकेकाने प्रयत्न केला आणि ती प्रत्येकाच्या हातून सुटून सपकन सरळ व्हायची. अरे, ती वेताची होती! शाळेतली जुनी छडी, तिलाच मास्तरांनी काळा रंग देऊन टोकं पांढरी केली होती. लाकडं रचणारा माणूस आमच्याकडे बघत उभा. शेवटी काकू म्हणाल्या, "राहू द्या की. जाऊ दे त्यांच्याबरोबर धडधाकट." तशीच ठेवली. मास्तरांचा मुलगा रडता रडता हसला, आणि मग आम्हाला कोणालाच आवरेना.

त्यांचा पितळी लोटा आठवतो? सगळा शोभर रिकामा करायचा आणि दर वेळी त्यातून पुन्हा पाणी निघायचं. जादूगार पी. सी. सरकारांचा 'वॉटर ऑफ इंडिया'. मास्तरांचं दैवत म्हणजे सरकार. दर 23 फेब्रुवारीला, सरकारांच्या जन्मदिवशी, आपण शाळेच्या त्या वर्गात बाकांवर गुडघे दुमडून बसायचो आणि मास्तर लंडनची गोष्ट सांगायचे. 1956 चा एप्रिल. बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात सरकारांनी मुलीला करवतीने मधोमध कापलं. तिला हाक मारली तर ती उठेना. तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ संपली, आणि मुलगी मेली असं समजून लोकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाइनी जाम झाल्या. गोष्ट खरी, पण मास्तरांच्या तोंडी ती दर वर्षी थोडी वाढायची. शेवटी शेवटी तर राणीचाही फोन आला होता! आप्पा हळूच म्हणायचे, "पुढच्या वर्षी राणी स्वतः येणार बघ."

मास्तरांचं शिकवणं मात्र मला कधी फारसं मानवलं नाही. ते खेळ समजावून सांगायचे, हातात हात घेऊन दाखवायचे नाहीत. शिकवलं ते काकूंनी, तेही शिकवतेय असं न दाखवता. काकांच्या कोटाचे सगळे चोरखिसे त्यांनी घरच्या शिलाई मशीनवर शिवलेले. खिसा किती खोल हवा, तोंड किती तिरकं हवं, एवढं विचारलं की त्यांना आतला खेळ कळायचा. माझा पहिला कोट शिवताना त्यांनी मला आरशापुढे न उभं करता स्वतःसमोर उभं केलं. म्हणाल्या, "कर." मी रुमाल गायब केला. "तुझी मान आधी वळते, मग हात जातो. पुरुषांना नाही कळणार, बायका लगेच ओळखतात. आणि पुढच्या रांगेत बायकाच असतात." एवढं बोलून टाचण्या पुन्हा दातांत. काका गेल्यावर त्या स्वतः उभ्या राहिल्या, नऊवारीत, साधे दोन-तीन रुमाल घेऊन. काकांच्या खेळात पेटीत बसून आयुष्य काढलेली बाई! साईखेडकर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत चिडीचूप शांतता होती. तू विंगेतून पडदा ओढत होतास, तुला मी काय सांगू.

आता आप्पा. नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. सुटताना रोज झडती. त्यामुळे स्टेजवर खिसे उलटे करून दाखवताना आपण सगळे जो 'बघा हं, काही नाही' असा अभिनय करतो, तो त्यांना कधी करावाच लागला नाही. झडती देणाऱ्या माणसाचा कंटाळा त्यांच्या अंगात मुरला होता. खिसे बाहेर काढायचे, हात वर, नजर भलतीकडेच. अशा माणसावर कोण संशय घेणार?

आणि त्या वाट्या! भांडीबाजारातल्या तांबटाकडून ठोकून घेतलेल्या तीन तांब्याच्या वाट्या. खाली लोकरीचे चेंडू, इकडून तिकडे, आणि शेवटी तिन्ही वाट्यांखाली कांदे. त्या कांद्यांसाठी रविवार कारंजावर भाजीवाल्यांशी किती वाद! आप्पा कांदा तळहातात धरून मनगट फिरवून बघायचे, ठेवायचे, दुसरा उचलायचे. "काका, खायचेत का लग्न लावायचंय?" असं एकीने विचारलं होतं.

निफाडकडच्या त्या गावातली जत्रा तुला आठवावी म्हणून मुद्दाम लिहितो. कांद्याचा भाव पार पडला होता, वाटेत ट्रॅक्टर ओतलेले दिसले होते. आप्पा गाडीत गप्प. शोमध्ये वाट्या उचलल्या तर खाली लिंबं! आपण दोघंही चकित, कारण लिंबू त्या वाटीत खुळखुळतं, हात पार बदलावा लागतो. परतताना विचारलं तर म्हणाले, "आज या लोकांपुढे कांदा काढून हसवायचं नसतं." विषय संपला. ते सगळं त्यांनी स्टेजमागे उभ्याउभ्या बसवलं होतं.

खरं सांगू का, मला एकच गोष्ट खुपते आहे. मंडळात आपण एकमेकांना फसवायला जमत नव्हतो. कुठला चेंडू कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक. तरी डोळे लावून बघायचो आणि हात खरंच साधला तर आप्पा एवढंच म्हणायचे, "दिसलं नाही." त्या दोन शब्दांसाठी महिना-महिना घासलंय आपण. परवा भाचीच्या वाढदिवसाला मी एकमेकींत अडकणाऱ्या रिंगांचा खेळ केला. चांगला झाला, माझं मलाच कळलं. पोरं खूश झाली, एका बापाने मोबाइलवर शोधून "की रिंग असते ना?" म्हणून विचारलं. बरोबर आहे त्याचं, असते, फट असलेली एक रिंग. पण ती रिंग मी सगळ्यांच्या नाकासमोरून कशी नेली, ते बघणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. जी गोष्ट बरी जमली तर दिसतच नाही, तिला शाबासकी द्यायला ती माहीत असलेलाच माणूस लागतो. इथे आता तसा कोणी उरला नाही. तू आहेस, पण तू तिकडे.

कामाचं राहिलंच. आप्पांच्या मुलाने त्यांची ट्रंक मंडळाला द्यायची म्हणून बाहेर काढून ठेवलीय. सून म्हणते, घरात जागा अडते, आणि तिचंही खोटं नाही. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय. तू ये, दोघं मिळून उघडू. पत्ते, दोरखंड, नाण्यांचा डबा, तुला हवं ते घे. वाट्या मात्र मी घेणार, आत्ताच सांगून ठेवतो. त्यावरून भांडायचं असेल तर दोन दिवस जास्तीची रजा टाक.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
रिंगवाला