काकू, ‘यातले आपले किती?’ या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय काकूंना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आलं असतं. उघडं लिहितेय ते भोसरी, चाकण, हिंजवडीत नव्या कंपन्या उभ्या करणाऱ्या माझ्यासारख्यांनी वाचावं म्हणून. १६ जानेवारी २०१६ला ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडे नेतृत्वावर व्याख्यानं उदंड झाली. दृष्टी हवी, धाडस हवं, विचार मोठा हवा, हे सगळं आम्ही ऐकलं. बँकेच्या स्टेटमेंटवर बोट ठेवून ‘यातले आपले किती?’ असं विचारणारं माणूस मात्र मला एकच भेटलं. ते तुम्ही.

पिंपरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं अकाउंट्स सांभाळून तुम्ही निवृत्त झालात. आईच्या मैत्रीण म्हणून घरी येणंजाणं होतंच. आम्ही मोटारी आणि पंपांवर बसवायचे, कंपन मोजणारे सेन्सर बनवतो. बेअरिंग खराब व्हायला लागलं की यंत्र बंद पडण्याआधी कारखान्याला ते कळतं. हे काम समजायला तुम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण लाइन थांबली की काय नुकसान होतं ते तुम्ही वर्षानुवर्षं हिशेबात पाहिलेलं. आठवड्यातून एक दुपार येईन म्हणालात आणि येत राहिलात.

पहिल्याच दुपारी तुम्ही खात्यातल्या शिलकीतून एकेक आकडा वजा करायला लावलात. बिलात गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी सरकारचा. आम्ही दरमहा रिटर्न भरणारे, म्हणजे या महिन्याच्या बिलांचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. कापलेला टीडीएस सरकारचा, तो ७ तारखेपर्यंत. पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी त्या त्या माणसाचा, तो १५ तारखेपर्यंत. नव्या ऑर्डरसाठी घेतलेला अ‍ॅडव्हान्स माल पाठवेपर्यंत गिऱ्हाइकाचा. हे सगळं बाजूला काढून उरतं ते आपलं, आणि माणसं घेण्याचे, जागा वाढवण्याचे, प्रदर्शनात स्टॉल घेण्याचे निर्णय फक्त त्या उरलेल्या आकड्यावर. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी हा एक कागद आमच्याकडे निघतो. पुढच्या तेरा आठवड्यांत काय येणार, काय जाणार, आणि येणाऱ्यातलं खात्रीचं किती, नुसत्या शब्दावरचं किती. गुंतवणूकदार ज्याला रनवे म्हणतात, म्हणजे हातातला पैसा किती दिवस पुरेल, तो आम्ही या कागदावरून मोजतो.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत तुम्ही जितक्या कडक झालात तितक्या मी तुम्हाला एरवी कधी पाहिलेलं नाही. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम मालकाने भरली नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. दंडसंहितेच्या कलम ४०५च्या स्पष्टीकरणात ते होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६मध्ये आहे. १२ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात निकाल दिला: कर्मचाऱ्याचा वाटा त्या त्या कायद्याच्या मुदतीत भरला नाही, तर प्राप्तिकरात मालकाला त्याची वजावट नाही. त्या निकालाचं तुम्हाला समाधान वाटलं होतं, कारण न्यायालयाने मालकाचा स्वतःचा वाटा आणि कर्मचाऱ्याकडून कापलेला वाटा यांत स्पष्ट फरक केला. पहिला मालकाचा खर्च आहे. दुसरा मालकाचा कधी नव्हताच. कंपनी चालवणाऱ्याने स्वतःकडे कसं पाहावं हे मला या एका फरकातून जितकं समजलं तितकं कुठल्या शिबिरातून समजलं नसतं. आपल्या ताब्यात असलेल्या बऱ्याच गोष्टी आपल्या नसतात. पैसा हा त्यांतला फक्त मोजता येणारा भाग. माणसांनी आपल्याला दिलेली वर्षंही त्यातच येतात.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट तुम्हीच मला नीट सांगितलीत. ७ जानेवारी २००९ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून ताळेबंद खोटा असल्याची कबुली दिली, तेव्हा मी शाळेत होते. त्या पत्रानुसार रोख आणि बँकशिलकीत फुगवलेला आकडा सुमारे ५,०४० कोटी रुपयांचा होता. लोक घोटाळ्याबद्दल बोलतात. तुम्ही माझं लक्ष त्याच्या वाढीकडे वेधलंत. एका तिमाहीत खरा आणि दाखवलेला आकडा यांत थोडं अंतर पडलं, ते पुढच्या तिमाहीत झाकावं लागलं, आणि अंतर वाढतच गेलं. ज्या दिवशी अंतर लहान होतं त्या दिवशी सांगणं शक्य होतं. आणि दुसरा भाग, जो क्वचितच कुणी सांगतं: सरकारने जुनं मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारखी माणसं नेमली, तेव्हा त्या नव्या मंडळापुढचे पहिले प्रश्न अगदी साधे होते. पगार कसे होणार, आणि गिऱ्हाइकं टिकणार का. ते निभावलं म्हणून एप्रिल २००९मध्ये टेक महिंद्राला विकत घेण्यासारखी कंपनी शिल्लक होती. हजारो घरं त्यावर चालत होती. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता, आणि आकड्यांवर एवढं प्रेम करणारं माणूस आकड्यांमागच्या घरांवर किती प्रेम करतं ते मला त्या दिवशी दिसलं.

आता त्या उन्हाळ्याबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र.

एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे आमचं मोठं बिल अडकलं होतं. माल पोचला, बसवला, चालू झाला, परचेसचे साहेब खूश, तरी पैसे नाहीत. सोमवारच्या कागदावर तीन आठवडे आधीच दिसत होतं की पगाराच्या तारखेला सगळ्यांना पुरेल एवढं आपलं उरणार नाही. माझे सल्लागार म्हणाले, टीमला काही सांगू नकोस, घबराट होईल, माणसं जातील. तुम्ही म्हणालात, आजच सांग, आणि तारखा घालून सांग.

तुम्ही माझ्याबरोबर बसून ते बोलणं तयार केलंत. कुणाला ‘काळजी करू नका’ म्हणायचं नाही, कारण काळजी करायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याकडे आहे किती, येणार किती, कुणाकडून, कधी, हे फळ्यावर लिहायचं. जोडणी विभागातल्या मुलामुलींचा पूर्ण पगार ठरल्या तारखेला, कारण त्यांच्याकडे साठवलेलं नसतं. इंजिनीयरांचा अर्धा त्याच दिवशी, उरलेला कधी ती तारीख लिहून. आम्हा दोघा संस्थापकांचा सगळ्यांत शेवटी. आणि भविष्य निर्वाह निधी, टीडीएस, जीएसटीला हात लावायचा नाही, कितीही ओढाताण झाली तरी.

मी बोलले. एक इंजिनीयर त्या महिन्यात नोकरी सोडून गेला. त्याच्या घरचे हप्ते होते, त्याचा मला राग नाही. आणि त्याच संध्याकाळी सर्व्हिसला जाणारा आमचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, ताई, ते बिल अकाउंट्सला गेलेलंच नाही, स्टोअर्सला जीआरएनच, म्हणजे माल मिळाल्याची नोंदच, झालेला नाही. तो त्या प्लांटमध्ये दर आठवड्याला जायचा, स्टोअर्समधल्या माणसांशी त्याची ओळख होती. त्यांच्या क्यूसीतला जो माणूस तपासणीचा शेरा टाकणार होता त्याची बदली झाली होती आणि नवीन माणसाच्या यादीत आमचा लॉटच नव्हता. परचेसचे साहेब ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत होते ते त्यांच्या परीने खरंच बोलत होते. आमच्याच माणसाला उत्तर ठाऊक होतं. प्रश्न आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर थेट स्टोअर्सला गेले. तुम्ही फोनवर बजावलंत की साहेबांकडे तक्रार करायची नाही, स्टोअर्सच्या टेबलाशी बसायचं, चलन नंबर, पीओ नंबर, लॉट नंबर समोर ठेवायचा आणि शेरा पडेपर्यंत नम्रपणे बसून राहायचं. जीआरएन झाला, बिल पास झालं, पैसे आले, अर्धे पगार फळ्यावरच्या तारखेच्या आधी पूर्ण झाले.

कायद्याचा रस्ताही तुम्ही मला दाखवला होतात, आणि तो प्रत्येक लहान उत्पादकाला माहीत असायलाच हवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे रोखता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात ४३बीचं ‘एच’ उपकलम आणलं. ते १ एप्रिल २०२४पासून लागू झालं आणि अशी मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येईल असं ठरलं. म्हणून उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदीचा, नंबर आमच्या प्रत्येक बिलावर ठळक छापलेला असतो, ही तुमचीच सूचना. थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडेही जाता येतं. ९० दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो, आणि तेवढ्यात पगाराची तारीख तीनदा येऊन जाते. पहिला फोन जीआरएनसाठी, कायद्याचं पत्र त्यानंतर, हा तुमचा क्रम मी आता नव्या संस्थापकांना सांगते. शिवाय गिऱ्हाईक ‘ट्रेड्स’वर, म्हणजे लहान उद्योगांची बिलं वटवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर, असेल तर बिल तिथे मंजूर करून घेऊन लवकर पैसे उचलता येतात. आमचं एक गिऱ्हाईक आता तसंच चालतं.

एक गोष्ट लहान वाटेल, पण तिच्याबद्दलही आभार. बँकेचे सगळे ओटीपी माझ्या एकटीच्या फोनवर येत. तुम्ही बँकेत बसून मेकर-चेकर लावून घेतलंत: एकाने पेमेंट तयार करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, तिसऱ्यालाही अधिकार, मर्यादेसह. कंपनी माझ्या फोनच्या बॅटरीवर चालू नये असं म्हणालात. त्यानंतर बाळंतपणात मी कामापासून पूर्ण लांब राहू शकले आणि त्या काळात एकही पेमेंट रखडलं नाही. हे काम मी किती दिवस पुढे ढकललं असतं कोण जाणे. संस्थापकाला सगळं आपल्या हातात ठेवायची सवय लागते आणि तिला लोक जबाबदारीची जाणीव म्हणून शाबासकीही देतात.

गुंतवणूकदारांना महिन्याचं टिपण बातमी चांगली असो वा वाईट, एकाच तारखेला जातं. तेही तुमच्यामुळे.

काकू, तुम्ही आमच्याकडून मोबदला घेतला नाहीत. विचारलं की विषय बदलता. तुमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी आणि पुरुषांनी या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांचे हिशेब चोख ठेवले, पगार वेळेवर काढले, आणि त्यांची नावं कुठल्याही उद्योजकतेच्या कार्यक्रमात घेतली जात नाहीत. आमच्या पिढीने त्यांना शोधून, मान देऊन, योग्य मोबदला देऊन आपल्या टेबलाशी बोलवायला हवं असं मला मनापासून वाटतं. सल्लागार मंडळावर तंत्रज्ञानातला एक आणि विक्रीतला एक असतो, तसा अकाउंट्समध्ये आयुष्य काढलेला एक असावा. आमच्या मंडळावर ती जागा आम्ही तुमच्यासाठी ठेवली आहे, मानधनासह, आणि या वेळी विषय बदलू देणार नाही.

अकाउंट्सप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज आले आहेत. शेवटच्या तिघांच्या मुलाखती पुढच्या आठवड्यात तुम्हीच घ्या. मी बाजूला बसून ऐकेन, तुम्ही काय विचारता ते मला शिकायचं आहे. तुमच्या सोयीचा वार कळवा, गाडी पाठवते.

तुमची कृतज्ञ,
भोसरीतल्या सेन्सरवाल्या कंपनीची संस्थापक