तारामतीचं पत्र घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. दुर्गा खोटे यांनी ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामतीच्या आठवणी लिहिलेलं पत्र कुणी विकायला आणलं, तर ते अस्सल की बनावट हे कसं ओळखायचं, असं तू विचारलंस. एक गोष्ट आधीच सांगतो. कागद आणि शाई ‘हे नव्हे’ एवढंच ठामपणे सांगतात, ‘हेच ते’ असं कधीच सांगत नाहीत.

आधी मजकूर वाच. चित्रपट १९३२चा, प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती, पुण्याला गेली १९३३मध्ये. आज त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट असल्यामुळे नकली पत्र करणारा हमखास ‘पुण्याच्या स्टुडिओत’ असं लिहून जातो. त्या काळी पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यापुढेच गायचे. तारामतीची गाणी दुसऱ्या कुणाच्या आवाजात आहेत असा उल्लेख आला, की पत्र परत कर.

पण वर्ष एखाद-दोननं चुकलं, सहकलाकाराचं नाव इकडचं तिकडे झालं, तर बिचकू नकोस. आठवणीतून लिहिताना तसं होतंच. उलट सगळ्या तारखा बिनचूक आणि प्रसंग ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रातल्या क्रमानं, असं असेल तर जास्त सावध राहा. खऱ्या पत्रात किरकोळ गोष्टीही येतात: समोरच्याच्या पत्राची पोच, प्रकृती, राहून गेलेलं काम. विकलं जाईल तेवढंच लिहिलेलं पत्र मला तरी संशयास्पद वाटतं.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. तारीख १९६५ची आणि खाली पिनकोड, हे जमत नाही. पाकीट असेल तर पोस्टाच्या शिक्क्याची तारीख पत्राशी ताडून बघ. मात्र जुनं खरं पाकीट नव्या पत्राला जोडून देणं सगळ्यात सोपं असतं. घड्या पाकिटाच्या मापाच्या आहेत का, ते पाहा.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घे आणि घडीची रेघ बघ. अक्षर घडीवरून जातं तिथे शाई तुटलेल्या तंतूंत शिरून दोन्ही बाजूंना पसरली असेल, तर घडी आधीची आणि लिखाण नंतरचं. जुन्या वहीचं कोरं पान फाडून लिहिणारे इथेच सापडतात. शिवाय जुन्या कागदाची खळ (शाई पसरू न देणारा लेप) मेलेली असते, त्यामुळे त्यावर नवी शाई फुटते. बॉलपेननं लिहिलेलं असेल तर पानामागे बोट फिरव, उठाव लागेल. अक्षरं बारीक रंगीत ठिपक्यांची दिसली तर ती प्रिंटरची प्रत. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा झळकला आणि वर तारीख १९४५ची असेल, तर ती तारीख खोटी; कागदात तशी चकाकणारी द्रव्यं साधारण १९५० नंतर आली.

सही एकाच नमुन्याशी जुळवू नकोस. वयाबरोबर हात बदलतो, म्हणून त्याच दशकातले खात्रीचे तीन-चार नमुने हवेत. गिरवलेल्या अक्षरात रेघ थरथरते, पेन नको तिथे उचललेलं असतं आणि शेवटचा फटकारा बोथट होतो.

पत्र घेतलंसच, तर लॅमिनेशन आणि सेलोटेप वर्ज्य. टेपचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो. गंजलेली टाचणी हळूच काढ. आम्लरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेव, पीव्हीसीच्या नको. पावसाळ्यात आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायची तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेव आणि ते ओलं झालं की बदल. भिंतीवर रंगीत प्रत लाव, मूळ पत्र नको, कारण उडालेली शाई परत येत नाही. दोन्ही बाजू आणि पाकीट ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेव.

आणि हो, कागद तुझा झाला तरी मजकुराचा हक्क लेखिकेच्या वारसांकडेच राहतो. कुठे छापायचं असेल तर आधी त्यांची लेखी परवानगी घे. विक्रेत्याकडून पावती घेताना पत्र त्याच्याकडे कुठून आलं, तेही त्यावर लिहून घे. त्याला तो तयार नसेल तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नकोस.

तुझा,
अविनाश