चौथीच्या बाईंना

आदरणीय बाई,

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं बाई. सिडकोतली ज्यांची मुलं तुमच्या हाताखालून गेलीत, ते ओळखतीलच.

ऑगस्टमध्ये तुम्ही माझ्या मुलाबद्दल बोलायला शाळेत बोलावलंत तेव्हा वाटलं, पुन्हा तेच. जाड आहे, सुस्त आहे, बटाटा बंद करा. नातेवाइकांपासून शिकवणीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी हेच ऐकवलेलं. तुम्ही मात्र विचारलंत, "हा रात्री घोरतो का? तोंड उघडं टाकून झोपतो का?" दुसऱ्या तासाला त्याची मान कलते, कविता धडाधड म्हणणारं पोर हातच्याची बेरीज अर्ध्यावर सोडतं, हे तुम्ही तारखेनिशी टिपून ठेवलं होतंत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. टॉन्सिल वाढलेले, नाकामागची गाठ वाढलेली, त्यात वजन. रात्रभर श्वास अडायचा आणि झोप तुटायची. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते. अंथरुणात हा तेवढा असायचा, पण झोप अंगी लागत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. त्यानं वजन उतरत नाही, उलट वाढू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. उपाशी ठेवायचं नाही; वजन आहे तिथं रोखायचं, उंची वाढू द्यायची.

पण खरे आभार पुढच्यासाठी आहेत. त्याच्या मानेवर काळसर पट्टा आहे. सासूबाईंनी उटणं, डाळीचं पीठ, सगळं घासून पाहिलं. मुलं त्याला 'मळकट' म्हणायची आणि हा सकाळी पोट दुखतंय म्हणून घरी राहायचा. तुम्ही परिसर अभ्यासाच्या तासाला, त्याचं नाव न घेता, समजावलंत की शरीरात इन्सुलिन जास्त झालं की त्वचा अशी होते, तो मळ नव्हे. दुसऱ्याच आठवड्यात पोटदुखी थांबली! वजनाच्या दिवशीही आकडे वर्गात मोठ्यानं वाचायची पद्धत तुम्ही मोडलीत. प्रत्येकाची चिठ्ठी दुमडून घरी आली.

आणि खेळाचा तास. परीक्षा जवळ आली की तो गणिताच्या पोटात जातो, हे सगळ्याच शाळांत चालतं. तुम्ही सोडला नाहीत. मुलांना रोज तासभर घाम येईल असं खेळायला हवं, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. लंगडीत हा हमखास बाद व्हायचा, म्हणून त्याला कबड्डीत डावा कोपरा दिलात. आता चढाई करणाऱ्याचा घोटा याच्या हाती लागला की सुटत नाही म्हणे!

फाटकासमोरचा तळणीचा गाडा अजून आहे. शाळेपासून 50 मीटरच्या आत असले पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. तो विषय पालकसभेत मी काढते, तुम्ही त्यात पडू नका.

गणितात क-1 होता, या सत्रात ब-1 आहे. वजन तेच आहे, उंची वाढली आहे. वजन आणि मार्क यांचा सरळ हिशोब अभ्यासकांनाही नीट मांडता आलेला नाही, मग मी कुठून मांडू? झोपेचं श्रेय किती, कोपऱ्याचं किती, ते तुम्हीच वाटून घ्या.

रविवारी मिसळ खायला या. बोलावणं त्याचंच आहे. मटकी भरपूर, तर्री वेगळी वाटीत, आणि पाव मोजून.

आपली,
डाव्या कोपऱ्याची आई