पुराआधी गावातली बोट तपासा

महोदय,

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोटच उलटून अनेकांचा बळी गेला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ असते. त्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेल्याने पहिले काही तास गावाला स्वतःच्या साधनांवरच काढावे लागतात, हे दिसून आले. पूर्वी गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची मोठी काहीलसुद्धा होडी म्हणून वापरली जाई, आणि ती चालवणाऱ्यांचे धाडस वादातीत आहे. परंतु धाडसावर व्यवस्था उभी करता येत नाही.

म्हणून कृष्णाकाठच्या प्रत्येक गावाच्या बोटीवर प्रवासीमर्यादा ठळक रंगवावी, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नये, आणि पंख्यात फांद्या, वायर अडकून इंजिन बंद पडल्यास वल्ही व लांब दोर हाताशी असावेत. जॅकेट पंचायतीच्या कपाटात कुलूपबंद असतील तर ती असून नसल्यासारखीच. बोट चालवण्याचे प्रशिक्षण नदी जाणणाऱ्या स्थानिक मच्छीमारांना मानधनासह द्यावे आणि मे महिन्यातच, तहसीलदारांच्या उपस्थितीत, प्रत्यक्ष नदीपात्रात बोट उतरवून चाचणी घ्यावी.

– एक वाचक, सांगली