नान्याला पत्र: तो डायोड अजून जोडू नकोस

प्रिय नान्या,

उत्तराला फार उशीर झाला, शिव्या भेटल्यावर दे. गुडघा आहे तसाच, आई ठीक.

भंगारातल्या डीव्हीडी रायटरमधून लेझर डायोड काढलास, शाब्बास. पण त्याला ‘तीन सेल नि एक रेझिस्टर’ लावणार म्हणतोस, म्हणजे आपलं हॉस्टेलचं भांडण पुन्हा सुरू! एलईडीला ते चालतं. लेझर डायोड तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो नि करंट चढतो. मर्यादा क्षणभर ओलांडली तरी आतला आरसा जळतो, मग उरतो तो नुसता मंद दिवा.

एलएम 317 हा तीन पायांचा रेग्युलेटर घे. त्याच्या आउट आणि ॲडजस्ट पायांच्या मध्ये 27 ओहमचा पक्का रेझिस्टर, त्याच्याशी सिरीजमध्ये 100 ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). करंट ॲडजस्टच्या पायावरून घ्यायचा. करंट म्हणजे 1.25 व्होल्ट भागिले एकूण ओहम: कमाल 46 मिलीअँपिअर, किमान 10. सहा पेन्सिल सेल म्हणजे 9 व्होल्ट पुरेत. लेझर डायोडला समांतर 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि उलटा लावलेला साधा डायोड 1एन4148, कारण उलटे 2 व्होल्ट हीच लेझर डायोडची सीमा.

आधी लेझर डायोडच्या जागी तीन साधे डायोड 1एन4007 आणि 1 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून बघ. त्या 1 ओहमवर जितके मिलीव्होल्ट, तितके मिलीअँपिअर. प्रीसेट किमान करंटवर आण, सेल काढ, कपॅसिटरची टोकं जोडून तो रिकामा कर आणि मगच खरा डायोड सोल्डर कर. तोवर त्याचे तिन्ही पाय बारीक तांब्याच्या तारेनं एकत्र बांधलेले हवेत, स्थिर विजेचा झटका बसू नये म्हणून. 1 ओहम तिथेच राहू दे. क्रोकोडाइल क्लिप अजिबात नको: जोड क्षणभर सुटला की कपॅसिटर भरतो, पुन्हा टेकला की सगळं डायोडमध्ये रितं होतं.

आता माझी खरी धास्ती. त्या रायटरमध्ये डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल डायोड असतो आणि सीडीसाठी 780 चा, कधी दोन्ही एकाच डबीत. 780 डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. तू ‘पेटत नाही’ म्हणून प्रीसेट फिरवत बसशील, पापणी मिटणार नाही, आणि किरण मात्र पूर्ण ताकदीनं बाहेर! तुझा उतावळेपणा मला ठाऊक आहे, म्हणून एवढं दळण. 10 मिलीअँपिअरवरच कागद समोर धर: मंद लाल उजेड दिसला तर पुढे जा. नाही दिसला तर कागद मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघ. तिथेच दिसला तर तो डायोड बाजूला ठेव. कुठेच नाही दिसला तरी करंट वाढवायचा नाही, जोडणी तपासायची.

लाल असेल तर करंट हळूहळू वाढव. एका ठिकाणी उजेड एकदम उसळतो आणि डाग दाणेदार दिसतो, तो थ्रेशोल्ड, म्हणजे खरा लेझर सुरू होण्याचा करंट. तिथून फक्त 2 मिलीअँपिअर पुढे जाऊन थांब. त्यापुढे दर मिलीअँपिअरला साधारण एक मिलीवॉट वाढतो, आणि 5 मिलीवॉटच्या वर गंमत संपते. 46 मिलीअँपिअरलाही मंदच असेल तर 27 च्या जागी 22 ओहम लाव. दुपारी बसवलेला करंट थंडीच्या पहाटे जास्त उजेड टाकतो, तेवढी जागा ठेव.

किरण काळ्या खरबरीत पुठ्ठ्यावर संपव. स्टीलची भांडी, घड्याळ टेबलावरून उचल. चिऊचे डोळे बरोबर टेबलाच्या उंचीवर येतात, तेव्हा ती शाळेत असतानाच हे कर. चष्मा 650 नॅनोमीटरसाठी ओडी (प्रकाश किती अडवतो त्याचा आकडा) छापलेलाच घे. बंड्याचा लाल गॉगल लाल किरणाला मोकळा दरवाजा आहे, दिसतो मात्र झकास!

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, घराचे हप्ते सुरू झाले का तेही लिही. आणि डायोड जोडण्याआधी 1 ओहमवरचा आकडा मला कळव.

तुझा,
बाळ्या